लांब केसांवर कॉर्नरो: आदल्या दिवशीच्या न्हाण्यापासून वेण्या सोडेपर्यंत

कमरेपर्यंत केस असलेल्या मुली हौसेने कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या वेण्या, घालून घेतात आणि दुसऱ्या दिवशी दोनपैकी एक तक्रार करतात. एकीच्या वेण्या दादरहून अंधेरीला पोचेपर्यंत ढिल्या होऊन टाळूवरून सुटलेल्या असतात. दुसरीला रात्रभर उशीला डोकं टेकवता आलेलं नसतं. तक्रारी दोन टोकांच्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. कॉर्नरो ही आफ्रिकेतली पद्धत आहे. तिथले दाट कुरळे केस एकमेकांत अडकून राहतात, त्यामुळे वेणी आपोआप धरून राहते. आपले बहुतेकींचे केस सरळ आणि गुळगुळीत असतात, त्यांना ती पकड नसते. मग कुणी नेहमीसारखी वेणी घालते आणि ती सुटते. कुणी सुटू नये म्हणून सगळा जोर लावून ओढते आणि डोकं ठणकायला लागतं.

ओढल्याने पकड येत नाही. तेलाचा अंश नसलेले कोरडे केस, अरुंद ओळ आणि टाळूला टेकलेली बोटं, या तीन गोष्टी जमल्या की वेणी टिकते. यातल्या दोन गोष्टी वेणी सुरू होण्याआधीच ठरतात. म्हणून खाली तयारीवर बरंच लिहिलं आहे. ते वगळून थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारू नका.

सुरू करण्याआधी: आत्ता घालाव्यात का?

टाळूवर कोंडा, खाज, पुरळ, उवा किंवा जखम असेल तर आधी ते बरं होऊ द्या. वेण्या घातल्यावर टाळू नीट धुता येत नाही आणि खाजवताही येत नाही, त्यामुळे त्रास दुप्पट वाढतो.

केस गळत असतील तर थांबा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणं नेहमीचं आहे. डेंग्यू, टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. मुंबईत पावसाळ्यात ताप येऊन गेलेल्या कितीतरी जणींचे केस दिवाळीच्या सुमारास गळत असतात आणि नेमक्या त्याच वेळी लग्नासाठी, गरब्याच्या कार्यक्रमासाठी नव्या केशरचना करून बघायची हौस येते. अशा वेळी मुळाला ताण देऊ नका. कानशिलाजवळचे केस आधीच विरळ असतील तर या वेण्या तुमच्यासाठी नाहीत. ब्लीच केलेले किंवा नुकतेच स्ट्रेटनिंग केलेले केसही कमकुवत असतात आणि वेणीच्या वळणावर तुटतात.

दिवस कोणता निवडायचा? पहिला प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केलात तर उत्तम. जून ते सप्टेंबर शक्यतो नको. त्या हवेत नुसते मोकळे केस वाळायला अर्धा दिवस लागतो, वेणीतले तर वाळतच नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. लग्नाच्या किंवा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आयुष्यातला पहिला कॉर्नरो करायला बसू नका. आधी एका निवांत रविवारी करून बघा.

टप्पा १: सामान गोळा करा

शेपटीची फणी सर्वांत महत्त्वाची. फणीच्या दांड्याचं टोक बारीक, पण बोथट हवं. धातूची शेपटी असेल तर भांग सरळ पडतो, मात्र टोक टाळूला टोचत नाही ना, ते तळहातावर घासून आधी बघा. त्याशिवाय रुंद दातांचा एक कंगवा, पाच-सहा मोठे चाप आणि पाण्याची फवारणी करायची बाटली लागेल. एक आरसा समोर ठेवायचा आणि एक हातात धरायला हवा.

शेंडे बांधायला छोटे रबर लागतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा लोकलच्या लेडीज डब्यात पाकिटाने मिळतात ते चालतात, पण घेताना एक ताणून बघा. तुटलं किंवा हाताला चिकटलं तर ते पाकीट नको. पुडीला लावायचे पिवळे रबर चुकूनही वापरू नका, ते काढताना केस घेऊन निघतात. रबर आवडत नसतील तर काळा सुती दोरा घ्या. शेंड्याभोवती सात-आठ वेढे देऊन गाठ मारली की छान बसतो.

पकडीसाठी जेल लागतं. ते विकत घ्यायचं तर अल्कोहोल नसलेलं घ्या, कारण अल्कोहोलने केस कडक होऊन तुटतात. घरी करायचं असेल तर जवसाचं उत्तम होतं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळत ठेवा आणि चमच्याने ढवळत राहा. पाण्याचा फेस पांढरट होऊन चमच्यावरून तार लोंबायला लागली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच जुन्या ओढणीच्या पातळ कापडातून गाळा. गार झाल्यावर ते गाळलंच जात नाही, बियांसकट गोळा होऊन बसतं. हे जेल फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी आंबतं. ताज्या कोरफडीचा गर मात्र थेट लावू नका, वाळल्यावर त्याचे पांढरे पापुद्रे भांगात दिसतात.

तपासा: दोन वेगवेगळी उत्पादनं, समजा जेल आणि सीरम, एकत्र वापरणार असाल तर आधी दोन्ही तळहातावर घेऊन बोटाने घोळवा. पांढरे कण दिसले तर हेच कण उद्या भांगात कोंड्यासारखे दिसणार. त्यातलं एकच वापरा.

पहिल्या वेळी नकली केस जोडू नका. लांब केसांचं स्वतःचंच वजन पुरेसं असतं. व्हिडिओत वेण्यांचे शेंडे उकळत्या पाण्यात बुडवलेले दिसतात, ते फक्त नकली धाग्यांसाठी असतं. खऱ्या केसांना त्याचा काही उपयोग नाही आणि त्यात पाठ भाजण्याचा धोका आहे.

टप्पा २: आदल्या दिवशी न्हाणं

बहुतेक चुका इथेच सुरू होतात. आईच्या सवयीने आदल्या रात्री तेल चोपडलं जातं, सकाळी घाईत शाम्पू होतो आणि मुळाशी तेल राहतं. अशा केसांवर कुणीही वेणी घातली तरी ती घसरणारच. वेणीच्या आधी निदान दोन दिवस तेल बंद ठेवा.

शाम्पू दोनदा लावा. दुसऱ्या वेळी कानामागे आणि मानेवर बोटं नीट फिरवा, तेल सर्वांत जास्त तिथेच राहतं. कंडिशनर कानाच्या खाली, फक्त लांबीला लावायचा. मुळांना लावलात तर शाम्पू केल्याचा उपयोग राहत नाही. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. जड पाण्याचा थर राहिला की केस खरखरीत होतात आणि प्रत्येक बट अडकते.

मग केस पूर्ण वाळू द्या. वरून कोरडे लागले म्हणजे वाळले असं समजू नका. डोक्याच्या मागच्या फुगीर भागाजवळ आत बोटं घालून बघा. तिथे गार लागलं तर अजून ओल आहे. ओले केस ताणले जातात, त्यांच्यावर घातलेली वेणी वाळल्यावर आखडते आणि मग टाळूला ओढ बसते. ‘घालताना दुखलं नव्हतं, रात्री दुखायला लागलं’ असं ज्या सांगतात, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

गुंता शेंड्याकडून मुळाकडे सोडवत जा. रुंद कंगवा मुळापासून शेंड्यापर्यंत एकदाही न अडकता गेला पाहिजे. हे ऐंशी टक्के झालं की कंटाळा येतो, पण उरलेला वीस टक्के गुंताच पुढे वेणीच्या मधोमध हात अडवतो.

टप्पा ३: ओळींची आखणी

पहिल्या वेळी सहा ओळी घ्या, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. चार घेतल्यात तरी चालतात, पण ओळ जितकी रुंद तितके केस लांबून ओढून वेणीत आणावे लागतात आणि वेणी लवकर ढिली होते. दहा-बारा ओळी मात्र हात बसल्यावरच. जिच्या वेण्या घालायच्या तिला पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवा आणि तुम्ही खुर्चीत बसा. लांब केसांच्या सहा वेण्यांना नवख्या हाताला दोन-अडीच तास सहज लागतात. पाणी, मोबाइल, चहा सगळं आधीच जवळ ठेवा. मध्येच उठलं की अर्धी वेणी सुटते.

१. कपाळापासून मानेच्या खड्ड्यापर्यंत मधला भांग पाडा. फणीची शेपटी टाळूला टेकवून एका दमात मागे न्या, कुरतडत नेऊ नका.

२. उजव्या बाजूला दुसरा भांग डोळ्याच्या बुबुळाच्या सरळ वरून सुरू करा आणि मधल्या भांगाला समांतर मागे न्या.

३. तिसरा भांग भुवई संपते तिथल्या कपाळाच्या कडेपासून काढा. तो कानाच्या वरून वळून कानामागे आणि तिथून मानेकडे उतरतो.

४. डावीकडे हेच करा. प्रत्येक ओळ वेगळी करून चापाने बांधून ठेवा.

डोक्याचा घेर माथ्यावर मोठा आणि मानेशी लहान असतो, त्यामुळे ओळी माथ्यावर रुंद होणार आणि मानेशी जवळ येणार. ते बरोबरच आहे. मुळीच रुंद न होऊ देता ओळी ओढत नेल्या तर कानामागे केसांचा एक पट्टा उरतो आणि तो कुठल्या वेणीत घालायचा हे शेवटपर्यंत कळत नाही.

तपासा: सगळ्या ओळी आखून झाल्यावर मोबाइलवर मागून एक आणि वरून एक फोटो काढा. डोळ्यांना न दिसलेला वाकडेपणा फोटोत लगेच दिसतो. भांग दुरुस्त करायची वेळ हीच. वेणी सुरू झाल्यावर दुरुस्ती म्हणजे सगळं सोडणं.

सावध: कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेची बारीक लव वेणीत घेऊ नका. कडेपासून थोडी जागा सोडून सुरुवात करा. त्या केसांची मुळं सर्वांत नाजूक असतात आणि वर्षानुवर्षं घट्ट बांधणाऱ्यांचं कपाळ तिथूनच मागे सरकतं.

टप्पा ४: एका वेळी एकच ओळ तयार करा

सगळ्या डोक्याला एकदम जेल लावलं तर शेवटच्या ओळीपर्यंत ते वाळून चिकट होतं. एक ओळ सोडा, तिच्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा आणि बोटाच्या पेराएवढं जेल घ्या. आधी दोन्ही बाजूंच्या भांगावर बोटाने ओढा, म्हणजे शेजारच्या ओळीतले केस आत येत नाहीत. उरलेलं मुळांपासून तीन-चार इंच पसरवा. केस चमकले पाहिजेत, पण दाबल्यावर बोटाला ओल लागता कामा नये. जास्त झालं तर टॉवेलने टिपून घ्या.

मग ती ओळ पुन्हा एकदा रुंद कंगव्याने शेंड्यापर्यंत विंचरा. बाकीच्या ओळी चापातच राहू द्या.

टप्पा ५: वेणी घालणं

सागरवेणी येत असेल तर निम्मं काम तुम्हाला येतं. सागरवेणीत बाजूचा पेड मधल्या पेडाच्या वरून नेतो, त्यामुळे वेणी आत दबते. कॉर्नरोत बाजूचा पेड मधल्या पेडाच्या खालून न्यायचा, म्हणजे वेणी टाळूवर उठून दिसते. हात सवयीने वरून जातो आणि पहिल्या दोन इंचांत कधी वर, कधी खाली असं होऊन बसतं. म्हणून आधी एका मोकळ्या बटेवर, टाळूपासून दूर, ‘खालून, खालून’ असं म्हणत वीतभर वेणी घालून बघा. हात न अडखळता चालला की मगच कपाळाकडे वळा.

१. ओळीच्या सुरुवातीला अर्ध्या इंचाची बट घ्या आणि तिचे तीन सारखे पेड करा. इथे एक पेड जाड झाला तर वेणी शेवटपर्यंत एका बाजूला कलते.

२. उजवा पेड मधल्याच्या खालून नेऊन मध्ये आणा. मग डावा पेड नव्या मधल्या पेडाच्या खालून मध्ये आणा. या पहिल्या दोन वळणांत नवे केस घ्यायचे नाहीत.

३. तिसऱ्या वळणापासून, बाजूचा पेड खालून नेताना त्याच हाताच्या करंगळीने किंवा अनामिकेने ओळीतली पातळ बट उचला आणि त्या पेडात मिसळा. सुरुवातीला ही बट काडेपेटीतल्या काडीइतकीच जाड हवी. पुढे, माथ्याजवळ, थोडी वाढवा.

४. उजवीकडून एक, डावीकडून एक, अशा बटा घेत मानेपर्यंत जा. दोन्ही बाजूंच्या बटा सारख्या जाडीच्या आहेत ना, यावर लक्ष ठेवा. वेणी ओळीच्या मधूनच जायला हवी.

बोटांच्या जागेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं तिथेच ठरतं. दोन्ही हातांची बोटांची पेरं टाळूला टेकलेली असली पाहिजेत, अगदी घासत जावीत इतकी. हात वर उचलून, केस हवेत ताणून वेणी घातली की घालताना घट्ट वाटते, पण हात सोडल्यावर टाळू आणि वेणी यांच्यात पोकळी राहते. ती पोकळी म्हणजेच उद्याची ढिली वेणी. पेड ओढायचे ते वरच्या दिशेने ओढू नका, ओळ ज्या दिशेला चालली आहे त्या दिशेने, टाळूला लगटून ओढा. प्रत्येक वळण झालं की अंगठ्याने ते वळण क्षणभर दाबून धरा आणि मगच पुढची बट उचला. एवढं केलंत तर जोर लावावा लागत नाही. बसलेली मुलगी गप्पा मारत राहते.

आता लांब केसांचा खास त्रास. तुम्ही वर वेणी घालत असता तेव्हा खाली मोकळ्या केसांत आपोआप उलटी वेणी पडत असते. दहा-बारा वळणांनंतर हात अडकतो, जोराने ओढलं की गाठ बसते आणि वरची वळणं ढिली होतात. यावर उपाय एकच: दर चार-पाच वळणांनी थांबा. वरची वळणं एका हाताच्या चिमटीत पक्की धरा आणि दुसऱ्या हाताने तिन्ही पेडांचे शेंडे एक-एक करून बाहेर काढा. कमरेच्याही खाली केस असतील तर घरातल्या कुणाला तरी शेंडे धरायला बसवा. बहीण किंवा मैत्रीण तीन पेड वेगवेगळे धरून बसली तर वेळ निम्मा वाचतो.

तपासा: दर दोन इंचांनी वेणीवरून बोट फिरवा. वेणी टाळूला चिकटून आहे का? फुगा आला असेल तर तिथपर्यंत सोडून पुन्हा घाला. पुढे जाऊन तो फुगा दबत नाही.

स्वतःच्या डोक्यावर स्वतः घालायच्या असतील तर पहिल्या वेळी मधल्या भांगाच्या दोन बाजूंना फक्त दोन ओळी घ्या. आरशात बघून उजवं-डावं उलटं दिसतं आणि हात गोंधळतात, तेव्हा डोळे मिटून बोटांनी चाचपत घाला. आरसा फक्त भांगासाठी. डोक्यामागे हात धरून दहा मिनिटांत दंड भरून येतात. कोपर टेकवायला टेबल किंवा उंच पाठीची खुर्ची जवळ ठेवा.

टप्पा ६: मानेपासून शेंड्यापर्यंत

मानेशी येताना डोकं सरळ ठेवायला सांगा. आपण सवयीने ‘मान खाली कर’ म्हणतो. मान वाकवून घातलेली वेणी ती सरळ बसल्यावर मानेशी फुगते. उलट मान मागे टाकून घातली तर नंतर जेवताना, मोबाइल बघताना प्रत्येक वेळी मानेचे केस खेचले जातात. हनुवटी जमिनीला समांतर असावी.

ओळीतले सगळे केस वेणीत आले की पुढे साधी तीन पेडांची वेणी, शेंड्यापर्यंत. टाळूपासून सुटल्यानंतरची पहिली दोन वळणं जरा आवळून घ्या. पुढे अंबाड्यात किंवा गोंड्यात वेणी वळवताना ताण याच जागी येतो. शेंड्याला दीड-दोन इंच सोडून रबर किंवा दोरा बांधा. थर कापलेले केस असतील तर वेणीतून टोकं बाहेर येतील. ती जेलच्या बोटाने चेपा, कात्रीने कापू नका. कापलीत तर वेण्या सोडल्यावर केसांत खाचा दिसतात.

सहा लांब शेपट्या पाठीवर मोकळ्या सोडल्या तर लोकलच्या गर्दीत कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये एक अडकणारच. तीन-तीनच्या दोन जाड वेण्या करा किंवा सगळ्या मिळून मानेवर सैल अंबाडा बांधा. माथ्यावर उंच अंबाडा पहिले दोन दिवस नको. लांब केसांचं सगळं वजन तेव्हा कपाळाच्या मुळांवर येतं.

टप्पा ७: उठण्याआधी घट्टपणा तपासा

शेवटची वेणी झाली की लगेच फोटो काढायला पळू नका. दहा मिनिटं बसा आणि हे बघा:

भुवया वर-खाली करता येतात का? कपाळाची कातडी ओढल्यासारखी वाटत असेल तर पुढची सुरुवात फार आवळली गेली आहे.

वेणीच्या मुळाशी बारीक पांढरट पुटकुळ्या किंवा लाली दिसते का? दिसली तर ती ओळ लगेच सोडा. उद्यापर्यंत बघू म्हणू नका.

वेणी बोटाने हलकेच डावी-उजवीकडे सरकवून बघा. तिच्याबरोबर टाळूची कातडी सहज हलली पाहिजे आणि कळ यायला नको.

हनुवटी छातीला टेकवून बघा. मानेशी खेचत असेल तर तेवढी शेवटची वळणं सैल करा.

सावध: ‘पहिल्या दिवशी दुखणारच, गोळी घे’ असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. दुखणं ही मुळांनी दिलेली सूचना आहे आणि गोळी ती सूचनाच बंद करते, ताण तसाच राहतो. सततच्या ओढीने केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ताण थांबवला तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं तोच ताण राहिला तर मूळच मरतं आणि तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. लहान मुलींच्या बाबतीत तर याहून जास्त जपा. त्या घाबरून किंवा हौसेपोटी दुखतंय हे सांगतच नाहीत.

टप्पा ८: वेण्या असतानाचे दिवस

सरळ केसांवर या वेण्या पाच ते सात दिवस चांगल्या दिसतात. दहा दिवसांपलीकडे नेऊ नका. महिना-महिना ठेवलेल्या वेण्यांचे फोटो तुम्ही बघता, ते वेगळ्या पोताच्या केसांचे असतात. इथे दहा दिवसांनंतर मुळं सैल होऊन एकमेकांत गुरफटायला लागतात.

झोपताना डोक्याला रेशमी किंवा सॅटिनचं कापड बांधा. आईच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा यासाठी उत्तम. सुती उशीवर घासून तीन रात्रींत वेण्यांवर लव उभी राहते.

घाम मुंबईत टाळता येत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ओल्या, पिळलेल्या कापडाने भांग पुसा आणि पंख्याखाली बसून वाळवा. चौथ्या-पाचव्या दिवशी धुवायचं असेल तर वाटीभर पाण्यात चमचाभर शाम्पू मिसळून ते फक्त भांगांवर सोडा. बोटांच्या पेरांनी दाबत जा, चोळू नका. खळखळून पाणी घ्या. नंतर ड्रायर थंड हवेवर लावून प्रत्येक वेणी मुळाशी पूर्ण कोरडी करा. एवढा वेळ नसेल तर धुऊच नका, सरळ वेण्याच सोडा. ओली वेणी घेऊन झोपणं सर्वांत वाईट.

एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे ऊन. आयुष्यात कधी उघडे न पडलेले पाच भांग एकदम उन्हात येतात. जुहूला किंवा मरीन ड्राइव्हला दुपारी तासभर फिरलात तर रात्री टाळू आग आग करते आणि दोन दिवसांनी सोलपटं निघतात. ओढणी घ्या, टोपी घाला. स्कूटर चालवत असाल तर हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधा.

टप्पा ९: वेण्या सोडणं

सोडायला निदान तासभर काढा. घाईत कात्री चालवली की वेणीच कापली जाते. रबर शेंड्याकडून कापा, वेणीच्या बाजूने नाही. शेपटीच्या फणीने खालून वर वळण-वळण उकलत जा. मुळाशी आल्यावर जेल वाळून कडक झालेलं असेल तर पाण्याचा फवारा मारा आणि बोटांनी सोडवा.

आता हातात केसांचा एवढा पुंजका येईल की छातीत धस्स होईल. घाबरू नका. रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक आहे. एरवी ते कंगव्यात आणि मोरीत जातात, वेणीत मात्र अडकून राहतात. सात दिवसांचे साडेतीनशे ते सातशे केस एकदम हातात येतात, त्यात लांब केसांचा पुंजका दिसतोही मोठा. टोकाला बारीक पांढरा ठिपका असलेले, पूर्ण लांबीचे केस म्हणजे गळायला आलेलेच. अर्धवट लांबीचे, ठिपका नसलेले तुकडे बरेच दिसले तर मात्र केस तुटले आहेत. मग निदान दोन-तीन महिने वेण्या नकोत.

सावध: सोडल्यावर थेट शॉवरखाली जाऊ नका. हे गळालेले केस आत असतानाच पाणी पडलं तर त्यांची जटा होते आणि ती कापावी लागते. आधी कोरड्या केसांतून बोटं फिरवा, मग रुंद कंगवा शेंड्याकडून, आणि सगळे सुटे केस निघाल्यावरच शाम्पू. आता कंडिशनर भरपूर लावा. तेलाचीही आता मोकळीक आहे.

पार्लरमध्ये करून घ्यायच्या असतील तर

बसण्याआधी सरळ, लांब केसांवर केलेल्या कामाचे फोटो मागा, नकली केस जोडलेले नव्हे. पैसे ओळीमागे आहेत की तासाप्रमाणे हे आधी विचारा, लांबीचे वेगळे पैसे लागतात का तेही. घरून धुऊन, वाळवून जा. तिथे धुतले तर घाईत अर्धवट वाळवलेल्या केसांवर वेण्या पडतात. पहिली ओळ झाली की थांबायला सांगा आणि टप्पा ७ मधल्या तपासण्या तिथेच करा. दुखत असेल तर ‘ताई, ही सोडा, सैल घाला’ असं स्पष्ट सांगा. सहा ओळी झाल्यावर सांगायला संकोच वाटतो, एका ओळीनंतर वाटत नाही.

पुन्हा घालायच्या असतील तर मध्ये निदान दोन आठवडे केस मोकळे किंवा सैल वेणीत राहू द्या. पुढच्या वेळी भांग अर्धा इंच बाजूला सरकवा, म्हणजे त्याच मुळांवर पुन्हा ताण येत नाही.